जोडीतला गोरख

आमचे हे पुण्याहून शारीरिक शिक्षणाचा कोर्स करून आले तेव्हा येताना दोनच गोष्टी घेऊन आले. एक स्टॉपवॉच आणि दुसरं एक मत. घड्याळ बिचारं बंद करता यायचं, मत मात्र सदा चालू. मत असं होतं, की प्रत्येक माणूस आपल्या अंगच्या गुणानं पळतो. कुणाच्या अंगात दम असतो, कुणाच्या अंगात झेप असते. दमाच्या गड्याला लांब पळवावं. झेपेच्या गड्याला थोडंच पळवावं, पण जीव तोडून, आणि मग त्याला मुकाट बसू द्यावं. तिसगावच्या हायस्कुलात, चहाच्या टपरीवर, रविवारी चर्चच्या पायरीवर, जिथे माणूस सापडेल तिथे आमचे हे, म्हणजे गावाचे शलमोन सर, ते सांगत. लोक माना डोलवत आणि आपल्या वाटेनं जात. मी बायको, मला वाटच नव्हती. मी ते रोज ऐकत असे आणि रोज म्हणत असे, की पालथ्या घड्यावर पाणी कशाला ओतता?

पण गोरखच्या बाबतीत ते मत शंभर टक्के खरं होतं. खोटं असतं तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

गोरख हा छबूबाईचा एकुलता एक मुलगा. तो रांगत होता तेव्हा बाप साप चावून गेला. थोरला चुलता रंगनाथआप्पा, त्यानं भावजयीला आणि पोराला घराबाहेर काढलं नाही. स्वतःच्या मुलाच्या, कानिफच्या ताटात गोरखला जेवायला बसवलं. दोघं जवळपास एकाच वयाचे, एकाच अंथरुणात वाढलेले, एकमेकांच्या चड्ड्या घालून शाळेत येणारे. मी गावच्या प्राथमिक शाळेत शिकवत असे, चौथीपर्यंत दोघं माझ्याच वर्गात होते. एकाला उभं केलं की दुसरा आपोआप उभा राहायचा. फरक एवढाच, की गोरख लहानपणापासून उंच. शाळेत नाव घालताना छबूबाईला जन्मतारीख सांगता आली नाही, तेव्हा आधीच्या गुरुजींनी पोराच्या उंचीकडे बघून अंदाजानं वर्ष लिहून टाकलं. असं तेव्हा सगळ्यांचंच लिहीत. त्यात गोरख कागदावर कानिफपेक्षा थोरला झाला.

बहात्तर साल उजाडलं ते आधीच्या वर्षाची कोरड घेऊन, आणि सरलं ते त्याहून कोरडं. विहिरीत खडा टाकला तर खण्णकन वाजायचा. रेशनवर आलेल्या परदेशी मिलो ज्वारीच्या लाल भाकरीनं पोटं बिघडली, तरी तीच भाकरी मिळावी म्हणून रांगा लागल्या. गावंच्या गावं दुष्काळी कामावर गेली. छबूबाई पाथर्डीच्या रस्त्यावर खडी फोडायची. थंडीच्या दिवसांत एक कपची उडून तिच्या उजव्या डोळ्यात गेली. तो डोळा गेलाच. डाव्यातूनही सारखं पाणी यायचं. ती फडकं बांधून, चाचपून दगड धरायची आणि हातोडा मारायची. मी एकदा म्हटलं, छबूबाई, बोटं जातील. ती म्हणाली, गोरख नोकरीला लागेपर्यंत पुरतील.

नोकरी म्हणजे पोलिसांतली. उन्हाळ्यात नगरला भरती होती आणि त्यात पळणाऱ्यांसाठी तीन जागा वेगळ्या ठेवल्या होत्या. पंधराशे मीटरची शर्यत, पहिले तीन घ्यायचे. जाहिरात सरांनीच वाचली आणि तेच पळत छबूबाईकडे गेले. वयाच्या अटीत गोरख यंदा कसाबसा बसत होता. पुढच्या वर्षी नाही. कानिफला आणखी एक वर्ष होतं, शिवाय बापाची जमीन होती, पाऊस पडला की जमीनच. गोरखला ही एक शर्यत होती आणि तिच्यापलीकडे खडी होती. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, कुणी बोलून दाखवत नव्हतं एवढंच.

आता रंगनाथआप्पाविषयी. तालुक्यात बैलाची पारख असावी तर आप्पाची. छकड्याच्या शर्यतीत त्याची जोडी कधी मागे राहिली नाही. खोंड बाजारात उभा असताना नुसतं त्याचं पाऊल बघून आप्पा सांगायचा, हा पुढे कसा निघेल. त्या वर्षी चारा संपला आणि त्यानं आपली जोडी छावणीत नेऊन बांधली. तिथं एक बैल मेला. दुसऱ्यानं गव्हाणीत तोंड घालणं सोडलं, तोही गेला. आप्पा रिकामा कासरा खांद्यावर टाकून चालत घरी आला. माणूस आतून मोडला होता, मी नाकारत नाही. पण मोडलेल्या माणसानं दुसऱ्याची हाडं मोडावीत असा काही नियम नाही.

भरतीचं कळताच आप्पानं पोरांचा ताबा घेतला. जोडी पळवायची ती जोडीनंच, हे त्याचं शास्त्र. रोज पहाटे दोघांना मढीच्या डोंगरापर्यंत पळवत न्यायचं आणि पळवत आणायचं. आणि कसं, तर गोरखच्या डाव्या मनगटाला आणि कानिफच्या उजव्या मनगटाला हातभर सुती दोरी बांधून. नवे खोंड जुळवताना करतात तसंच. एकाचं पाऊल दुसऱ्याच्या पुढे पडलं की दोरीला हिसका बसायचा आणि मागून सायकलवर येणारा आप्पा ओरडायचा. गावाला हे फार आवडलं. रामप्रहरी दोन तरणी पोरं एका पावलानं पळत येताहेत हे दिसायला खरंच सुंदर होतं. दुष्काळात सुंदर दिसेल असं दुसरं होतं तरी काय?

आमचे हे मागच्या दारात उभे राहून बघत. त्यांचा चेहरा उतरत चालला होता. शाळेच्या स्पर्धेत त्यांनी गोरखला पाहिलं होतं. चारशे मीटरला तो सुटला, की बाकीची पोरं चालत आहेत असं वाटायचं. टाच जमिनीला लागायची नाही. कानिफ त्याच्या उलट. सुरुवातीला कुठेच नसायचा, पण अंतर वाढलं की हळूहळू एकेकाला मागे टाकायचा आणि शेवटी हसत उभा असायचा, धाप नाही की काही नाही. एक झेपेचा, एक दमाचा. आणि आप्पानं झेपेच्या गड्याला दमाच्या गड्याच्या चालीनं रोज डोंगर दाखवायला सुरुवात केली होती, तीही मिलोच्या अर्ध्या भाकरीवर. महिनाभरात गोरख पाय घासत पळायला लागला. त्याच्या पोटऱ्या सुकल्या. एका सकाळी आमच्या कुंपणापाशी तो ओकला, तेव्हा कानिफ दोरी ताणू नये म्हणून त्याच्याबरोबर वाकून उभा होता.

सर आप्पाकडे गेले. मीही मागोमाग गेले, कारण आमच्या ह्यांना भांडता येत नाही, त्यांना फक्त समजावता येतं.

"आप्पा, दोघांचे पाय वेगळे आहेत," सर म्हणाले. "एकाला दुसऱ्याच्या चालीनं पळवलं तर गोरखची चाल मरेल. मला त्याला वेगळं शिकवू द्या."

"मास्तर, तुमी बैल हाकलाय कदी?"

सर म्हणाले, नाही.

"मंग," आप्पा म्हणाला, आणि तंबाखू मळायला लागला.

परतताना मी सरांना नको नको ते बोलले. म्हटलं, तुमचं ते मत पुण्याला परत पाठवून द्या, इथं त्याला गिऱ्हाईक नाही. ते दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, तिसऱ्या दिवशी पुन्हा. शेवटी आप्पानं कंटाळून सांगितलं, सकाळ माझी, संध्याकाळ तुमची. सरांना वाटलं जिंकलो. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात, तो हाच. सकाळी डोंगर आणि संध्याकाळी सरांची जीव तोडून पळापळ, असं दुहेरी जू गोरखच्या मानेवर आलं. त्याच आठवड्यात तो नदीच्या कोरड्या पात्रात तोंडावर पडला. नाकातून रक्त आलं आणि वाळूवर पडल्या पडल्या वाळलंसुद्धा.

त्या संध्याकाळी छबूबाई आमच्या दारात आली. डोळ्यावर फडकं, अंगभर दगडाची पांढरी भुकटी. मी आत ये म्हटलं तर आली नाही. उंबऱ्याला धरून म्हणाली, "बाई, माज्या लेकराला वाचवा, न्हाई तर एकदाचं मारून टाका. ह्ये मदलं मला बघवत न्हाई. आन बघाया एकच डोळा हाय."

मला रडू आलं आणि रडू आलं की मला राग येतो. मी तिचा हात धरला आणि तडक आप्पाच्या घरी नेलं. छबूबाई त्या घरात इतकी वर्षं राहिली, पण थोरल्या दिरासमोर तोंड उघडून बोलली नव्हती. काही सांगायचं झालं तर भिंतीला सांगायची किंवा पोरांकरवी. त्या दिवशी पदर डोक्यावर ओढून ती त्याच्या पुढ्यात उभी राहिली.

"भावजी, तुमचं मीठ खाल्लंय. मरस्तोर इसरनार न्हाई. पर माज्या पोराच्या हाताची दोरी सोडा."

आप्पा तिच्याकडे बघतच राहिला. मला वाटलं हात उगारतो की काय. पण त्यानं गोरखला जवळ बोलावलं, मनगट हातात घेतलं आणि गाठ सुटेना तर दातानं सोडवली. मग भावजयीकडे न बघता म्हणाला, "आजपास्नं तुमची चूल येगळी."

दुष्काळाच्या वर्षात वेगळी चूल म्हणजे काय, हे ज्यानं तो दुष्काळ काढला त्यालाच कळेल. छबूबाईनं गोठ्याच्या कडेला तीन दगड मांडले. गोठा रिकामाच होता.

मग सर गोरखला घेऊन रोज संध्याकाळी नदीच्या पात्रात जायला लागले. वाळू जिथे दाबून घट्ट बसली होती तिथे दोन बाभळींच्या मध्ये पळायचं. या बाभळीपासून त्या बाभळीपर्यंत, अंगात असेल नसेल तेवढं काढून. आणि मग सावलीत बसायचं, श्वास पूर्ण खाली बसेपर्यंत. मग पुन्हा. सर म्हणायचे, पळणं तुझ्यात आहेच, मी फक्त ते साठवायला शिकवतोय. ऐकायला हे सोपं वाटतं. पण गोरखला पळायला सांगितलं की तो पळायचा, बसायला सांगितलं की त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

"समदं गाव खडी फोडतंय, आये फोडती, आन मी सावलीत बसू?" तो मला म्हणायचा.

कामावरून परतणारी माणसं काठावरून बघत जायची. कुणी म्हणे, मास्तरांनी पोराला बसायची नोकरी लावलीय वाटतं. कुणी म्हणे, आमालाबी घ्या की तुमच्या शाळेत. गोरखची मान खाली जायची. मग मी किटली घेऊन तिथं जायला लागले. कोऱ्या चहाचा पेला त्याच्या हातात द्यायचे आणि पेला संपेपर्यंत उठायचं नाही असा दम भरायचे. मास्तरीणबाईसमोर कोण उठतंय? शाळेत बडबड केली म्हणून मी त्याला बाकावर उभं करत असे, आता बस म्हणून दटावत होते. तो हसायचा. हळूहळू त्याच्या गालांत रंग आला. आणि एका संध्याकाळी तो त्या बाभळीकडून सुटला तेव्हा त्याची टाच वाळूला लागत नव्हती. सरांनी घड्याळ बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि चष्मा पुसत बसले. आमच्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती. मूल नव्हतं. त्या संध्याकाळी मला जे वाटलं त्याला मी दुसरं नाव देणार नाही.

तिकडे कानिफ एकटा डोंगराला जात होता. सरांनी आप्पाला निरोप पाठवला होता, की कानिफला लांबचंच पळवा, ते त्याला लागूच पडतं, फक्त एकट्यानं पळायची सवय होऊ द्या. कागदावर ते बरोबर होतं. पण कानिफला एकट्यानं काही करायचं माहीतच नव्हतं. तो मधेच थांबायचा, मागे बघायचा. आप्पानं त्याला चामड्याच्या वादीनं मारल्याचंही कानावर आलं. एके दिवशी कानिफ आमच्या मागच्या दाराशी येऊन बसला. मी भाकरी दिली, ती हातात तशीच धरून बसला. म्हणाला, बाई, गोरख संगं नसला की डोंगर लांब जातो. मी सरांना सांगितलं. सर म्हणाले, आता पंधरवडा राहिलाय, आता दोघांना एकत्र पळवलं तर गोरखचं सगळं वाया जाईल. त्याच्या पायांना जुनं आठवता कामा नये.

भरतीच्या आदल्या आठवड्यात सर एका पहाटे उठून बाहेर गेले आणि तसेच परत आले. चेहरा राखेसारखा झाला होता. मढीच्या वाटेवर त्यांनी दोघांना येताना पाहिलं होतं. हातात दोरी नव्हती. तरी पाऊल तेच, खांद्याला खांदा, तसूभरही इकडे तिकडे नाही. बरेच दिवस चाललं होतं म्हणे. संध्याकाळी पात्रात सरांनी गोरखला विचारलं. सर आयुष्यात कुणावर ओरडले नसतील तेवढे त्याच्यावर ओरडले. गोरखनं सगळं ऐकून घेतलं.

"त्यो रडतो, सर," तो म्हणाला.

सर वाळूत बसले. मी किटली उचलून घरी आले.

शर्यतीच्या दिवशी आम्ही पहिल्या एसटीनं नगरला गेलो. सर, मी, दोघं पोरं आणि दोन बाकं सोडून पुढे आप्पा. छबूबाई आली नाही. खाडा केला तर मुकादम हजेरीतून नाव काढून टाकायचा. तिनं कुठून तरी गावरान ज्वारीचं मूठभर पीठ मिळवून गोरखला पांढरी भाकरी करून दिली होती. त्यानं ती बसमध्ये कानिफबरोबर अर्धी अर्धी खाल्ली. मी बघितलं आणि खिडकीबाहेर तोंड फिरवलं. मनात म्हटलं, देवा, या पोराला एवढ्या एका दिवसापुरतं स्वार्थी कर. अशी प्रार्थना आमच्या चर्चमध्ये शिकवत नाहीत.

मैदानावर चुन्याच्या रेघा मारल्या होत्या. जिल्हाभरातली पोरं होती, श्रीगोंद्याकडची साखर कारखान्याच्या पट्ट्यातली खाऊनपिऊन धट्टीकट्टी, पारनेरकडची काटक. सरांनी दोघांना बाजूला घेऊन समजावलं. कानिफला म्हणाले, तू सुरुवातीपासून एकसारखा ओढ, तुझ्या दमानं बाकीची गळतील. गोरखला म्हणाले, तू त्याच्या मागे बस, काही करू नकोस, शेवटच्या वळणापर्यंत अंगातलं काहीही खर्चू नकोस. वळण आलं की सुट. तेव्हा पुढे कोण आहे ते बघायचं नाही. गोरखनं मान हलवली. सरांनी पुन्हा विचारलं, कोण आहे ते बघायचं नाही ना? तो म्हणाला, न्हाई बघनार.

शिट्टी झाली. मला शर्यतीतलं फार कळत नाही, पण इतक्या संध्याकाळी पात्रात बसून गोरख कळायला लागला होता. कानिफनं सांगितलं तसं केलं. तो एकसारखा पळत राहिला आणि फेरीमागून फेरी पोरं मागे पडत गेली. श्रीगोंद्याची दोघं तेवढी पुढे होती. मग कानिफ, आणि कानिफच्या खांद्याशी गोरख. त्याचं तोंड मिटलेलं होतं. इतर सगळ्यांची तोंडं उघडी होती. सर माझ्या शेजारी पुटपुटत होते, साठवलंय, सगळं साठवलंय त्यानं, आता बघ.

वळण आलं.

गोरख सुटला नाही. मला वाटलं अजून एक क्षण थांबतोय. मग अर्धं वळण गेलं. श्रीगोंद्याच्या दोघांना धाप लागलेली लांबून दिसत होती, त्यांची डोकी हलायला लागली होती. कानिफही संपत आला होता. आणि गोरख त्याच्या शेजारी पळत होता, त्याच्या पावलाला पाऊल लावून, त्याच्याइतकाच हळू. सर ओरडले. मी ओरडले. पलीकडे आप्पाही काहीतरी ओरडत होता. सरळ रेघेवर आले तरी तेच. श्रीगोंद्याची दोघं पार झाली, मग कानिफ, आणि पाऊलभर मागे गोरख. तीन जागा होत्या. तो चौथा आला.

कानिफ पार होताच आडवा पडला. लोक त्याच्याकडे धावले. गोरख उभा होता. त्याची छाती हलतही नव्हती. त्यानं आपल्या पायांकडे बघितलं, आणि मग वळून पुन्हा पळायला लागला. एकटाच. कुणाला काही कळेना. एक शिपाई त्याला बाजूला व्हायला सांगत होता. पण तो जो सुटला तो अख्खी फेरी तसाच गेला, टाच न टेकवता, मान मागे टाकून, आणि मैदानातली माणसं एकेक करून बोलायची थांबली. त्या दिवशी त्या मैदानावर त्याच्याएवढं जोरात कुणी पळालं नाही. सरांच्या हातात घड्याळ होतं, पण त्यांनी ते चालू केलं नाही.

तो आमच्यासमोर येऊन थांबला तेव्हा सरांनी फक्त एवढंच विचारलं, का रे?

"मी सांगितलं हुतं पायांला, सर," गोरख म्हणाला. "येशूची आन. न्हाई ऐकलं. म्हनून आत्ता बगितलं, पाय हायेत का न्हाईत." येशूची शपथ त्यानं आमच्यासाठी घेतली होती, आम्हाला खरं वाटावं म्हणून.

मला काहीतरी फोडावंसं वाटत होतं. समोर आप्पा आला. पोरगा भरती झालेल्या बापाचा चेहरा तसा नसतो. मी त्याला सोडणार नव्हते. म्हटलं, आप्पा, आता तरी कळलं का, त्याच्यात काय होतं ते? तालुक्यात तुमच्याएवढी पारख कुणाला नाही म्हणतात ना?

आप्पा खाली जमिनीवर बसला.

"मला म्हायीत हुतं, बाई," तो म्हणाला. "पयल्यापास्नं म्हायीत हुतं. कानिफ एकल्यानं जमनार न्हाई ह्येबी म्हायीत हुतं. तरण्या बैलाच्या शेजारी सुस्त बैल बांदला, की तरना त्याला वढून न्हेतो. गोरख काय, कसाबी निगाला आसता. म्हनून बांदला." मग म्हणाला, "उलटंबी व्हतं, ह्ये इसरलो."

त्याला मारावं असं मला वाटलं होतं, ते वाटणं कुठे गेलं कळलं नाही. कानिफला आत बोलावत होते. तो जायला तयार नव्हता, गोरखचं मनगट धरून बसला होता. गोरखनं त्याची बोटं एकेक करून सोडवली आणि त्याला दारापर्यंत पोचवून आला.

परतीच्या एसटीनं तिसगावला उतरलो तेव्हा दिवस मावळायला आला होता. छबूबाई कामावरून तशीच स्टँडवर येऊन उभी होती. डोळ्यावरचं फडकं वर सारून ती उतरणाऱ्या माणसांत आपलं माणूस शोधत होती. आप्पा बसच्या मागच्या बाजूनं घराकडे निघून गेला. गोरख तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. तिनं हातानं त्याचं तोंड चाचपलं, मान चाचपली, छातीवर हात ठेवला. कोण लागलं, कितवा आलास, असं काहीच विचारलं नाही.

"दमलास का रं?" तिनं विचारलं.

"न्हाई, आये," गोरख म्हणाला.

छबूबाईनं काय ते ओळखलं आणि त्याच्या छातीवरचा हात काढून घेतला. मग ती म्हणाली, चल, भाकरी करायचीय, आणि दोघं गोठ्याकडे चालायला लागले.